ऑनर्सचं खरं वर्ष तिसरं

दिवाळीच्या सुट्टीआधी टीवायच्या, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी फील्ड प्रोजेक्ट जमा केले. अर्थशास्त्र मेजर, म्हणजे मुख्य विषय म्हणून घेतलेली एकतीस मुलं, टेबलावर एकतीस स्पायरल बाइंडिंग. बहुतेकांनी गावचा आठवडी बाजार हाच विषय घेतला होता, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक वह्यांचं पहिलं वाक्य एकच होतं: ‘आठवडी बाजार हा ग्रामीण अर्थव्यवस्थेचा कणा आहे.’ पुढे बाजाराची व्याख्या, महत्त्व, फायदे, तोटे, मोबाइलवर काढलेले चार फोटो, शेवटी ऋणनिर्देश.

एका मुलीची वही मात्र वेगळी होती. तिनं तिसऱ्या पानावर पेन्सिलीनं बाजाराचा नकाशा काढला होता. पत्र्याची शेड, शेडखालचे ओटे, फाटक, नाला. नाल्याच्या कडेला बारीक फुल्या होत्या. या फुल्या म्हणजे डोंगरावरच्या वाड्यांतून भाजी घेऊन येणाऱ्या बायका. त्या कायम उन्हातच का बसतात, हा तिचा प्रश्न.

ती ऑगस्टमध्ये पहिला मसुदा घेऊन आली, तेव्हा तिचं उत्तरही इतरांसारखंच होतं: शिक्षणाचा अभाव आणि जागरूकतेचा अभाव. मी विचारलं, ‘हे तुला कुणी सांगितलं?’ ती गप्प राहिली. पुढच्या मंगळवारी ती सकाळी सहाला बाजारात जाऊन बसली. ओटे कुणाच्या नावावर नाहीत, आधी येईल त्याची जागा. आसपासच्या गावांतले विक्रेते टेम्पोनं सातच्या आत येतात. वाड्यांवरची पहिली एसटी सव्वानऊला पोचते. तोवर शेड भरलेली असते. मग या मुलीनं पुढचे पाच मंगळवार तीच एसटी धरली. गाडी कधी सुटली, कधी पोचली, किती पाट्या उतरल्या, सगळं वहीत लिहून ठेवलं. दुपारचीही नोंद होती. परतीची गाडी चारची. साडेतीन वाजले की त्या बायका मेथीची जुडी पडेल त्या भावाला देऊन टाकतात आणि शेडमधलाच एखादा विक्रेता ती उचलतो. मालाचा भाव एसटीच्या वेळापत्रकानं ठरतोय, हे एका टीवायच्या मुलीनं शोधून काढलं होतं. मी पंधराहून अधिक वर्षं त्या बाजारातून भाजी आणते आहे. मला ते कधी दिसलं नव्हतं.

या कामाचे तिला मिळाले दोन क्रेडिट (अभ्यास मोजायचं एकक). सहा सत्रांचा तिचा सरासरी ग्रेड दहापैकी ७.५ च्या खालीच राहणार, हे तोवरच्या गुणपत्रिकांवरून दिसत होतं. म्हणजे ‘संशोधनासह ऑनर्स’ या चौथ्या वर्षाच्या वाटेवर तिला प्रवेश नाही.

इथं थोडी व्यवस्था सांगायला हवी, कारण पालकांना, आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्या बऱ्याच प्राध्यापकांनाही ती अजून नीट उमगलेली नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जुलै २०२० मध्ये मंजूर झालं. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा नवा आराखडा दिला. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांनी तो २०२३-२४ पासून घेतला, बाकीच्या संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ पासून. तीन वर्षं पूर्ण केली की नेहमीची पदवी, त्यासाठी आपल्या राज्यात १२० ते १३२ क्रेडिट. चौथं वर्ष केलं की ऑनर्स, १६० ते १७६ क्रेडिट. त्यातही दोन फाटे आहेत. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा ७.५, किंवा त्याहून अधिक असेल त्याला संशोधनासह ऑनर्स. यूजीसीच्या आराखड्यात त्यात १२ क्रेडिटचा प्रबंध आहे. बाकीच्यांना साधं ऑनर्स, प्रबंधाच्या जागी तेवढ्याच क्रेडिटचे आणखी पेपर. चार वर्षं केलेल्याला एमए एका वर्षात, तीन वर्षं केलेल्याला दोन. चार वर्षांत ७५ टक्के मिळवणाऱ्याला एमए न करताही पीएचडीच्या प्रवेशासाठी अर्ज करता येतो.

आमचं कॉलेज स्वायत्त. त्यामुळे २०२५-२६ हे आमच्या पहिल्या तुकडीचं तिसरं वर्ष. वर्षभर सभा, कार्यशाळा, परिपत्रकं यांत चर्चा एकाच गोष्टीची: चौथं वर्ष कोण चालवणार, मार्गदर्शक कुठून आणायचे, वर्गखोल्या कुठे आहेत, किती मुलं थांबतील. या सगळ्या धावपळीत तिसऱ्या वर्षाकडे कुणी पाहिलंच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ऑनर्सचा निकाल तिथेच लागतो. तिसऱ्या वर्षी मुलानं एक छोटा प्रश्न स्वतः हाताळला नसेल, त्यावर दोन-तीन वेळा लिहून खोडलं नसेल, आणि ते खोडलेलं कुणा शिक्षकानं वाचलं नसेल, तर चौथ्या वर्षीचा प्रबंध म्हणजे आणखी जाड स्पायरल बाइंडिंग, इतकंच होणार.

आजचं तिसरं वर्ष पाहा. मेजरचे पेपर, इलेक्टिव्ह म्हणजे निवडीचे पेपर, मायनर म्हणजे दुय्यम विषय, व्यावसायिक कौशल्याचा एक तुकडा, पाचव्या सत्रात फील्ड प्रोजेक्ट किंवा समाजसहभागाचं काम दोन क्रेडिटचं, सहाव्या सत्रात ओजेटी, म्हणजे कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण, चार क्रेडिटची. यातली एकेक गोष्ट चांगली आहे. पण मुलाच्या आठवड्यात ती सगळी सुटी-सुटी येतात. सोमवारी मायनरची इंटर्नल, बुधवारी कौशल्याच्या पेपरचं प्रात्यक्षिक, शुक्रवारी मेजरचं सबमिशन. एका गोष्टीपाशी सहा आठवडे बसून राहावं अशी जागाच त्यात नाही. आणि संशोधन पद्धती हा पेपर राज्याच्या रचनेत येतो सातव्या सत्रात, म्हणजे चौथ्या वर्षी, प्रबंधाचं काम सुरू व्हायच्या वेळीच. विहिरीत उतरल्यावर पोहायला शिकवण्यासारखं आहे हे.

ओजेटीबद्दल थोडं थांबून लिहिते. चार क्रेडिट म्हणजे साधारण १२० तास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी. शहरात बँका, कंपन्या, संस्था असतात. तालुक्याच्या गावात काय असतं? दोन-तीन पतसंस्था, एखाद्या सीएचं ऑफिस, खता-बियाण्यांची दुकानं, दूध संकलन केंद्र, महा ई-सेवा केंद्र. बीए, बीकॉम, बीएस्सी अशा सगळ्या टीवायच्या मुलांना एकाच सत्रात तिथं जागा हवी. जानेवारीत एक मुलगा स्टाफरूमच्या दारात उभा राहिला आणि हळूच म्हणाला, ‘मॅडम, नुसता सही-शिक्का मिळतोय. चालेल का?’ तो लबाड मुलगा नाही. पहाटे दोन गोठ्यांत धारा काढून कॉलेजला येतो. एसटीचा सवलतीचा पास घर ते कॉलेज एवढ्याच मार्गाचा, ओजेटीची जागा दुसऱ्या गावात, रोजचं तिकीट खिशातून. त्याला मी काय सांगणार?

काम करत शिकणं ही आपल्याकडे उसनी आणलेली कल्पना नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ मध्ये साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर शिवाजी कॉलेज उभं केलं. पुणे विद्यापीठातही त्याच नावाची योजना वर्षानुवर्षं चालली. त्या नावातला ‘कमवा’ हा शब्द आधी येतो, हे मला महत्त्वाचं वाटतं. मुलाच्या श्रमाला मोल होतं, म्हणून ते शिक्षण होतं. आजच्या ओजेटीत मोल नाही आणि तिथं काय शिकला हे विचारणाराही नाही, फक्त प्रमाणपत्र आहे. राज्य सरकारनं २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरवलं. कामाच्या ठिकाणी शिकणाऱ्या तरुणाला पैसे द्यावे लागतात हे तत्त्व सरकारला मान्य आहे. मग पदवीच्या सक्तीच्या १२० तासांसाठी निदान प्रवासखर्च आणि जेवण एवढं तरी का मिळू नये? गावातल्या मुलीला दुपारी कुठे बसून डबा खायचा हा प्रश्नसुद्धा आमच्या कुठल्या परिपत्रकात नाही.

ऑनर्स ही कल्पना जिथं नीट रुजली, तिथं काय केलं गेलं? अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ स्वार्थमोर नावाचं छोटं कॉलेज आहे. फ्रँक एडेलॉट नावाचे अध्यक्ष तिथं १९२१ मध्ये आले. त्यांनी ऑक्सफर्डची पद्धत जवळून पाहिली होती. १९२२ मध्ये त्यांनी ऑनर्स सुरू केलं ते शेवटच्या दोन वर्षांसाठी, म्हणजे तिसऱ्या वर्षापासूनच. मुलांचे लहान गट, व्याख्यानांऐवजी मुलांनी लिहून आणलेल्या निबंधावर चर्चा, आणि शेवटी परीक्षा घ्यायला बाहेरच्या संस्थांतले परीक्षक. जो शिकवतो तो गुण देत नाही. त्यामुळे शिक्षक आणि मुलगा एका बाजूला होतात. दोघांनाही त्या बाहेरच्या माणसासमोर उभं राहायचं असतं. शंभर वर्षं होऊन गेली, ती रीत अजून चालू आहे. प्रिन्स्टन विद्यापीठात तर चौथ्या वर्षीचा प्रबंध बहुतेक सगळ्यांनाच करावा लागतो, पण त्याआधी तिसऱ्या वर्षी मुलाला स्वतंत्र काम करावं लागतं. बहुतेक विभागांत ते एका छोट्या निबंधाच्या रूपात असतं, आणि ते एक शिक्षक वाचतो. एकदम डोंगर चढायला लावण्याआधी टेकडी चढवून घेतात.

यावर लगेच कुणी म्हणेल, तिथले पैसे आणि तिथलं मनुष्यबळ कुठे, आपण कुठे. मान्य आहे. पण मी त्यांच्या इमारती मागत नाही, त्यांनी लावलेला क्रम मागते आहे. आणि जवळचंच पाहून त्यावर नीट लिहिण्याची परंपरा तर आपली स्वतःची आहे. हॅरॉल्ड मान पुण्याच्या कृषी महाविद्यालयात होते. त्यांनी कॉलेजपासून जवळच्या पिंपळे सौदागर गावात घरोघर, शेतोशेत पाहणी केली. जमिनीचे तुकडे किती, कर्ज किती, कोण कुठे मजुरीला जातो. १९१७ मध्ये ती पाहणी प्रसिद्ध झाली आणि भारतातल्या ग्रामीण पाहण्यांत तिचं नाव आजही घेतलं जातं. आज त्या गावात टॉवर उभे आहेत, पण शंभर वर्षांपूर्वी तिथला कुणबी कसा जगत होता हे आपल्याला कळतं ते त्या खटाटोपामुळे. पुढे १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि धनंजयराव गाडगीळांनी वाई तालुक्यातल्या शेतीच्या हिशेबाची पाहणी केली. माझ्या तालुक्याची तशी पाहणी कुणी केलेली नाही. माझ्या वर्गात दरवर्षी तीस मुलं असतात. प्रत्येकाच्या घरापासून कॉलेजपर्यंतच्या वाटेवर एखादा प्रश्न असतो. दहा वर्षांत तीनशे प्रश्न होतील. सहकारी दूध संघाचा फॅट मोजण्याचा वाद, ऊसतोडीला गेलेल्या घरातल्या मुलांची शाळा, बचत गटाचं कर्ज नक्की कोण वापरतं, पाण्याच्या टँकरची वही. यातल्या पन्नासांवर जरी नीट लिहिलं गेलं, तरी तालुक्याच्या पंचायत समितीकडे नाही अशी माहिती आमच्या ग्रंथालयात असेल.

आता ७.५ चा मुद्दा. संशोधनाच्या वर्षाला काहीतरी गाळणी हवी, हे मी नाकारत नाही. मार्गदर्शक मोजके आहेत. आमच्या विभागात कायम प्राध्यापक दोन, बाकी तासिका तत्त्वावरचे, ज्यांना पुढच्या जूनमध्ये नेमणूक मिळेल की नाही हेही ठाऊक नसतं. सगळ्यांनाच घेता येणार नाही. पण ही गाळणी मोजते काय? सहा सत्रांची सरासरी. त्यात पहिल्या वर्षीची गुणपत्रिका आहे, जेव्हा मराठी माध्यमातून आलेली मुलगी पीपीटी आणि इंग्रजी हँडआउट समोर पहिल्यांदा बसते. त्यात ओपन इलेक्टिव्ह आहेत, क्षमतावर्धनाचे पेपर आहेत, सहअभ्यासाचे क्रेडिट आहेत. या सगळ्यांत सारखे गुण मिळवणारा मुलगा शिस्तीचा असतो, त्याचं कौतुकच आहे. पण तो प्रश्न विचारू शकतो का, हे त्यातून कळत नाही. माझ्या वर्गातला सगळ्यात वरचा मुलगा ८.४ ला आहे. त्याच्या फील्ड प्रोजेक्टचं पहिलं वाक्यही तेच, ग्रामीण अर्थव्यवस्थेचा कणा. तो हुशार आहे. त्याला कुणी ‘हे तुला कुणी सांगितलं’ असं विचारलंच नाही, म्हणून त्यानं शोधलं नाही. दोष त्याचा नाही, आमचा आहे. एकतीस वह्यांपैकी मी तीन-चारच मसुद्यांपासून वाचू शकले, कारण आठवड्याच्या सोळा तासांच्या कार्यभारात मसुदा वाचण्याला जागा नाही. बाकी सत्तावीस मुलांचा हक्क मी डावलला, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून माझी मागणी अशी. तिसऱ्या वर्षाच्या दोन सत्रांत मिळून मेजरचं एक इलेक्टिव्ह आणि फील्ड प्रोजेक्टचे क्रेडिट एकत्र करावेत आणि त्या जागी एकच काम ठेवावं: एक प्रश्न, पंधरा-वीस पानं, तीन मसुदे. संशोधन पद्धतीचा पेपर सातव्या सत्राची वाट न पाहता या कामाच्या सोबतीनं शिकवावा, म्हणजे नमुना निवडणं काय असतं हे मुलगी बाजारात उभी राहूनच शिकेल. मसुदा वाचण्याचे तास शिक्षकाच्या कार्यभारात धरावेत. तोंडी परीक्षेला शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजचा शिक्षक यावा आणि आम्ही तिकडे जावं. विज्ञान शाखेत प्रात्यक्षिकांना बाहेरचे परीक्षक कायम येत आले आहेत, त्यात नवीन काही नाही. आणि संशोधनाच्या वर्षाला प्रवेश देताना या कामाला सरासरीइतकंच वजन द्यावं. ७.५ च्या खाली असलेल्या, पण बाहेरच्या परीक्षकानं ‘हिला घ्या’ म्हटलेल्या मुलीसाठी दार उघडं राहावं. पीएचडीच्या नियमांत अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल गटांना ५ टक्क्यांची सवलत देता येते. म्हणजे आकडा हा काही देवानं कोरलेला नाही.

माझ्याच सहकाऱ्यांचा एक आक्षेप मला गंभीर वाटतो. ते म्हणतात, आपल्या मुलांना यातलं काही नको आहे. त्यांना पदवी हवी, एमपीएससीचा फॉर्म भरायचा आहे, तलाठी भरती, पोलीस भरती. मुलींच्या घरी टीवाय संपायची वाट पाहत स्थळं थांबलेली असतात. चौथं वर्ष थांबणारे मूठभर, मग सगळ्यांवर हे ओझं का? हे खरं आहे की बहुतेक जण तीन वर्षांनी जातील. पण म्हणूनच तर हे काम तिसऱ्या वर्षी हवं. चौथ्या वर्षी ठेवलं की ते थांबू शकणाऱ्यांनाच मिळतं, आणि कोण थांबू शकतो हे बुद्धीपेक्षा घरच्या शेतीवर, बापाच्या पगारावर आणि मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांवर ठरतं. उद्या तलाठी होणाऱ्या मुलानं आयुष्यात एकदा तरी चार माणसांना विचारून, पडताळून, स्वतःच्या शब्दांत एक गोष्ट लिहिली असेल, तर पंचनामा करताना तो बांधावर जाईल. पतसंस्थेत लागणारी मुलगी कर्जदाराची अडचण ऐकून घेईल. याला ओझं म्हणायचं असेल तर मग शिक्षण तरी कशाला म्हणायचं?

आणि मुलांना नको असतं, हेही मी पाहिलेलं नाही. त्यांना काय मिळू शकतं हे ठाऊकच नसतं. सप्टेंबरमध्ये मी त्या मुलीचा नकाशा वर्गात फळ्यावर काढून दाखवला. मागच्या बाकावरचा एक मुलगा, वर्षभर एक अक्षर न बोललेला, उठून म्हणाला की आमच्या वाडीची गाडी पूर्वी सातला यायची, ड्रायव्हर मुक्कामाला राहायचा, ती मुक्कामी गाडी बंद झाली तेव्हापासून हे असं आहे. वर्ग एकदम जागा झाला. कुणाच्या गावची मुक्कामी गाडी कधी बंद झाली, यावर अर्धा तास बोलणं चाललं. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. त्या अर्ध्या तासाला मी कुठल्या क्रेडिटच्या रकान्यात लिहू?

सहाव्या सत्राची परीक्षा संपल्यावर ती मुलगी स्टाफरूममध्ये आली. सातव्या सत्राचे फॉर्म कधी सुटणार हे विचारायला आली असेल असं मला वाटलं, आणि ७.५ चं तिला कसं सांगावं याची मी मनात जुळवाजुळव करत होते. तिच्या हातात तीच वही होती. आगारात जाऊन आली होती ती. तिथल्या साहेबांनी मुक्कामी गाडीचं जुनं वेळापत्रक शोधून दिलं होतं, त्याची झेरॉक्स वहीत चिकटवलेली होती.

‘मॅडम,’ ती म्हणाली, ‘ही गाडी होती तेव्हा ओट्यावर कोण बसायचं, ते म्हाताऱ्या बायकांना आठवत असेल. विचारून येऊ का?’